सेनापति ड्यूमा: संकटांतील मान व स्वास्थ्यांतील विस्मरण

राष्ट्रावर संकट कोसळलें म्हणजे तें आपल्या तरुणांची जात, कूळ किंवा वर्ण पाहत बसत नाहीं. ज्याच्या मनगटांत बळ आहे व छातींत धैर्य आहे त्याला तें हांक मारतें, त्याच्या हातीं तलवार देतें, आणि प्रसंगीं त्याच्या गळ्यांत विजयाच्या माळाही घालतें. परंतु संकट टळून स्वास्थ्य आलें कीं तेंच राष्ट्र जुनीं बाडें सोडून कोण कोणाच्या पोटीं जन्मला याची चौकशी करूं लागतें. हा अनुभव कोणा एका देशाचा नाहीं व कोणा एका काळाचाही नाहीं. परंतु ज्या राष्ट्रानें समता हा शब्द आपल्या निशाणावर लिहिला, त्या फ्रान्सच्या इतिहासांत तो जितक्या स्पष्टपणें दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. म्हणून आज आम्ही एका सेनापतीचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

अलेक्झांडर ड्यूमा हें नांव मराठी वाचकांस नवें नाहीं. थ्री मस्केटिअर्स आणि काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो या कादंबऱ्यांचा कर्ता म्हणून तें आमच्याकडे शाळकरी मुलांच्याही कानांवरून गेलेलें आहे. परंतु या कादंबरीकाराचा बाप त्याच नांवाचा एक सेनापति होता. तो गुलाम स्त्रीच्या पोटीं जन्मला होता. एकदां तर त्याच्या बापानेंच त्याला गहाण टाकल्याप्रमाणें विकलें होतें. आणि असा मनुष्य वयाच्या एकतिसाव्या वर्षीं हजारों फ्रेंच शिपायांचा सरसेनापति झाला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. ती ठाऊक नसण्याचें कारण काय, याचाही विचार पुढें येईलच.

वेस्ट इंडीजमधील सां-दोमिंग हें बेट, म्हणजे ज्याला आज आपण हैती म्हणतों तो प्रदेश, अठराव्या शतकांत फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. तेथील साखर व कॉफी युरोपभर जात असे, आणि ती पिकविण्याकरितां आफ्रिकेतून धरून आणलेले व त्यांच्या पोटीं जन्मलेले सुमारे ५ लक्ष गुलाम राबत असत. १६८५ सालच्या फ्रेंच कायद्यानें असें ठरविलेलें होतें कीं, आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. बाप कोणीही असो. या बेटावरील जेरेमी गांवाजवळ ता. २५ मार्च १७६२ रोजीं थॉमस-अलेक्झांडर याचा जन्म झाला. त्याची आई मारी-सेसेत ही गुलाम होती. बाप अलेक्झांडर-आंत्वान दावी द ला पायतरी हा नॉर्मंडींतील एका सरदार घराण्याचा वडील मुलगा असून नातलगांशीं भांडून त्या बेटावर नांव बदलून राहत होता. पुढें सरदारकीचा वारसा मिळविण्यास स्वदेशीं परत जाण्याची त्याला इच्छा झाली. तेव्हां त्यानें आपलीं इतर मुलें विकलीं, आणि प्रवासाच्या खर्चाकरितां थॉमस-अलेक्झांडर यालाही विकलें. मात्र त्याला सोडवून घेण्याचा हक्क राखून ठेविला. १७७६ सालीं त्यानें त्याला सोडवून फ्रान्सला आणविलें. भावंडें मागें राहिलीं तीं कायमचीं. एकाच बापाच्या मुलांपैकीं एकानें सरदारपुत्र व्हावें आणि बाकीच्यांनीं बाजारांतील माल व्हावें, हें ज्या समाजांत बिनबोभाट घडतें त्या समाजाचा धर्म कोणता व कायदा कोणता, हें निराळें सांगावयास नको.

फ्रान्सच्या भूमीवर पाऊल पडतांच गुलाम मुक्त होतो, अशी जुनी समजूत होती. परंतु त्या देशांतही काळ्या माणसाचें स्वागत होत होतें असें नव्हे. १७७७ सालीं राजानें हुकूम काढून काळ्या व मिश्रवर्णाच्या लोकांस फ्रान्समध्यें येण्याची बंदी केली. आमचा तरुण त्यापूर्वींच येऊन पोंचला होता. बापाच्या पैशानें त्याचें उत्तम शिक्षण झालें. तलवारबाजी व घोडदौड यांत तो निष्णात झाला. त्याचा गुरु सें-जॉर्ज हाही मिश्रवर्णाचाच असून तलवार व संगीत या दोहोंत त्या काळीं पॅरिसमध्यें नामांकित होता. तरुण ड्यूमा उंच, धिप्पाड व देखणा होता, आणि सरदारपुत्राला साजेशा थाटानें राहत होता. परंतु १७८४ सालीं एका नाट्यगृहांत एका गोऱ्या स्त्रीबरोबर तो बसला असतां वसाहतींतून आलेल्या एका लष्करी गृहस्थानें त्याचा भर सभेंत अपमान केला. उंची पोशाख व बापाची सरदारकी हीं दोन्हीं कातडीचा रंग झांकूं शकत नाहींत, हा धडा त्याला त्या दिवशीं मिळाला.

दोन वर्षांनीं, १७८६ सालीं, म्हाताऱ्या बापानें आपल्या घरच्या दासीशीं लग्न केलें. तेव्हां बाप-लेकांचें बिनसलें व मुलानें सैन्यांत शिरण्याचा निश्चय केला. त्या वेळीं फ्रेंच सैन्यांत अधिकारी होण्यास बापाकडील चार पिढ्यांचें सरदारपण सिद्ध करावें लागे. असा नियम १७८१ सालींच झाला होता. सरदारपुत्र असूनही काळ्या आईच्या या मुलाला तो मार्ग धरवला नाहीं. राणीच्या ड्रॅगून पलटणींत साधा शिपाई म्हणून तो दाखल झाला. सामान्य शिपायांच्या यादींत घराण्याचें नांव लागावें हें बापाला रुचलें नाहीं, असें पुढें त्याच्या नातवानें लिहून ठेविलें आहे. तेव्हां मुलानें बापाचें नांव टाकलें व आईचें घेतलें. ता. २ जून १७८६ रोजीं पलटणीच्या वहींत अलेक्झांडर ड्यूमा असें नांव चढलें. थोड्याच दिवसांत बाप मरण पावला. सरदाराचें नांव इतिहासाच्या अडगळींत पडलें, आणि गुलाम बाईचें आडनांव तिच्या मुलानें, नातवानें व पणतवानें जगाच्या कानाकोपऱ्यांत नेलें. काळ असा न्याय क्वचितच करतो, पण येथें त्यानें तो केला.

तीन वर्षांनीं राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७८९ च्या ऑगस्टांत पॅरिसच्या ईशान्येस असलेल्या व्हिलेर-कोतेरे या गांवीं दंग्याच्या भयानें घोडेस्वार पाठविण्यांत आले. त्यांत ड्यूमा होता. एका खाणावळवाल्याच्या घरीं त्याचा मुक्काम पडला आणि त्या घरच्या मारी-लुईझ या कन्येशीं त्याचें मन जुळलें. बापानें अट घातली कीं, जांवई निदान सार्जंट तरी झाला पाहिजे. तीन वर्षांनीं, ता. २८ नोव्हेंबर १७९२ रोजीं, लग्न लागलें तेव्हां जांवई लेफ्टनंट कर्नल झालेला होता. क्रांतीनें जन्माची अट काढून टाकतांच गुणांची वाट कशी मोकळी होते, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण कोणतें द्यावें? १७८६ पासून १७९२ च्या आरंभापर्यंत जो साध्या शिपाईगिरींत अडकून पडला होता, तोच त्यानंतर पावणेदोन वर्षांच्या आंत कॉर्पोरलचा डिव्हिजनचा सेनापति झाला. माणूस तोच होता व तलवारही तीच होती. बदलला होता तो केवळ नियम.

हा उत्कर्ष फुकटाफुकटीं झाला नव्हता. १७९२ च्या ऑगस्टांत बेल्जमच्या सरहद्दीवर, मोल्ड गांवाजवळ, गस्त घालीत असतां थोडक्या स्वारांनिशीं त्यानें शत्रूची एक तुकडी पकडून आणली व त्याचें नांव सरकारी कागदांत आलें. त्याच सुमारास पॅरिसमध्यें वसाहतींतील मुक्त काळ्या व मिश्रवर्णी लोकांनीं स्वराष्ट्राच्या रक्षणार्थ एक पलटण उभारली. तिचें आधिपत्य सें-जॉर्जकडे आलें आणि गुरूनें आपल्या शिष्यास दुय्यम सेनानायक नेमलें. १७९३ च्या जुलईंत ड्यूमा ब्रिगेडचा सेनापति झाला, सप्टेंबरांत डिव्हिजनचा, आणि लगेच पश्चिम पिरिनीजमधील सैन्याचें आधिपत्य त्याला देण्यांत आलें. आफ्रिकी रक्ताच्या मनुष्याकडे इतका अधिकार फ्रान्सच्या इतिहासांत त्यापूर्वीं कधींही आला नव्हता.

परंतु अधिकारापेक्षां त्या अधिकाराचा उपयोग त्यानें कसा केला, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. तो काळ भयाच्या राज्याचा होता. गिलोटिनचें पातें दररोज पडत होतें, आणि पराभूत झालेल्या सेनापतीलाच काय, पण दया दाखविणाऱ्या सेनापतीलाही मान गमवावी लागे. पिरिनीजच्या सैन्यांत बायोन शहरीं असतां ड्यूमाच्या खिडकीसमोरील चौकांत शिरच्छेद चालत. लोक तें पाहण्यास गर्दी करीत. ड्यूमा मात्र खिडक्या लावून घेई. यावरून तेथील अतिरेक्यांनीं त्याला चेष्टेनें मानवतेचे महाशय असें नांव पाडलें. त्यांनीं शिवी म्हणून जें नांव दिलें तेंच त्याचें सर्वांत मोठें बिरुद ठरलें आहे.

१७९३ च्या अखेरीस त्याला आल्प्स पर्वतांतील सैन्याचा सरसेनापति नेमण्यांत आलें. या सैन्याची संख्या ५०,००० च्या आसपास होती. लहान सेंट बर्नार्ड व माँ सनी या दोन उंच खिंडी सार्डिनियाच्या राजाच्या हातीं होत्या, व त्या घेतल्यावांचून इटलीचें दार उघडणार नव्हतें. ऐन हिंवाळ्यांत हल्ला करा असा पॅरिसहून तगादा चालला होता. ड्यूमानें उतावळेपणा केला नाहीं. शिपायांस बर्फावर चढण्याचें शिक्षण द्यावें, बुटांस लोखंडी कांटे बसवावे, वाटा जाणणाऱ्या लोकांकडून माहिती काढावी, अशी त्याची तयारी चालली. माँ सनीवरचा पहिला हल्ला फसला. परंतु १७९४ च्या एप्रिलाच्या शेवटीं लहान सेंट बर्नार्ड पडला व मे महिन्यांत माँ सनीही पडला. ज्या कड्यांवरून कोणी येणारच नाहीं म्हणून शत्रु निर्धास्त होता, त्या कड्यांवरून फ्रेंच शिपाई रात्रीं वर चढून आले. शेंकडों कैदी व अनेक तोफा हातीं लागल्या. उष्ण कटिबंधांतल्या बेटावर जन्मलेल्या पुरुषानें युरोपांतील हिमशिखरें सर करावीं, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. शीत देशचे लोकच शूर असतात व उष्ण देशचे लोक स्वभावतःच दुर्बळ असतात, असें पुस्तकांतून शिकविणाऱ्या पंडितांस माँ सनीच्या खिंडींत उत्तर मिळालें.

या विजयाचें पारितोषिक काय मिळालें, तर पॅरिसला येऊन जबाब देण्याचा हुकूम! आल्प्समधील एका गांवीं चर्चची घंटा लपविल्याच्या आरोपावरून चार गरीब गांवकऱ्यांचा शिरच्छेद व्हावयाचा होता. ड्यूमानें गिलोटिन मोडून त्याचें सरपण करविलें, अशी हकीगत त्याच्या मुलाच्या आठवणींत नमूद आहे. ती गोष्ट असो वा दुसरी असो, सार्वजनिक संरक्षण समितीची वक्रदृष्टि त्याच्याकडे वळली होती हें निश्चित. परंतु त्या जुलईच्या अखेरीस रोबस्पिएरचाच पाडाव झाला आणि ड्यूमाची मान वांचली. त्यानंतर त्याला व्हांदे प्रांतांत पाठविण्यांत आलें. तेथें राजपक्षीय शेतकऱ्यांचें बंड मोडण्याकरितां सरकारी फौजांनीं गांवेंच्या गांवें जाळून बायकामुलांचीही कत्तल केली होती. तेथील सैन्याची पाहणी करून ड्यूमानें सरकारास निर्भीडपणें लिहून कळविलें कीं, या सैन्याला शिस्त उरलेली नाहीं, लुटीची चटक लागलेली आहे, आणि अशा फौजेच्या हातून शांतता होणें नाहीं. त्यानें लुटारू शिपायांस शासन केलें व प्रजेला अभय दिलें. तेथें तो थोडेच महिने राहिला; परंतु ज्यांच्याविरुद्ध तो लढण्यास गेला होता त्यांच्याच पक्षाच्या लोकांनीं पुढें त्याच्या न्यायबुद्धीची आठवण ठेविली. ज्यानें स्वतः गुलामगिरीचा चटका सोसला त्याला परक्याचें दुःख कळावें यांत नवल नाहीं. पण अधिकार मिळाल्यावरही तें विसरूं नये, हें मात्र दुर्मिळ होय.

१७९६ च्या अखेरीस तो इटलींत बोनापार्टच्या सैन्यांत रुजू झाला. मांतुआ या बळकट शहरास वेढा पडला होता आणि आंत ऑस्ट्रियाचा म्हातारा सेनापति वुर्मझेर कोंडला गेला होता. नाताळच्या सुमारास ड्यूमाच्या शिपायांनीं एक हेर पकडला. त्याच्याजवळ कांहीं सांपडेना. पण त्यानें पत्र मेणांत गुंडाळून गिळलें असावें असा ड्यूमानें तर्क केला, रेचक देवविलें, आणि पत्र हातीं आलें. वुर्मझेरच्या मदतीस ऑस्ट्रियाची दुसरी फौज येत आहे हा बेत त्यामुळें बोनापार्टला कळला. पुढें १७९७ च्या जानेवारींत रिव्होलीची लढाई झाली, आणि लागलीच ता. १६ रोजीं वुर्मझेरनें वेढा फोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तेव्हां ड्यूमानें थोड्या लोकांनिशीं त्याला अडवून धरिलें. असें असतां बेर्तिएनें सरकारास पाठविलेल्या वृत्तांतांत ड्यूमा केवळ निरीक्षणावर होता असा उल्लेख केला. ड्यूमाचा संताप अनावर झाला, आणि त्यानें बोनापार्टला असें कडक पत्र लिहिलें कीं तसें लिहिण्याची हिंमत त्या सैन्यांत दुसऱ्या कोणास झाली नसती. परिणाम एवढाच झाला कीं, त्याची पायरी उतरली व त्याला दुसऱ्याच्या हाताखालीं देण्यांत आलें.

परंतु रणांगणावर खोटें वृत्त फार दिवस टिकत नाहीं. मार्च १७९७ मध्यें टायरोल प्रांतांत जूबेरच्या हाताखालीं लढत असतां, क्लाउझेन येथील अरुंद पुलावर ऑस्ट्रियन घोडेस्वारांची लाट चालून आली. ड्यूमा पुलाच्या तोंडाशीं एकटा उभा राहिला, आणि मागून कुमक येईपर्यंत त्यानें ती लाट थोपवून धरिली. अंगावर तलवारीच्या जखमा झाल्या, अंगरखा गोळ्यांनीं छिन्नभिन्न झाला, पण पूल गेला नाहीं. आमच्या वाचकांस येथें पावनखिंडीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. युरोपीय लोकांस प्राचीन रोममधील होरेशियसची झाली. त्यानेंही असाच एका पुलावर शत्रूला रोखून धरिल्याची कथा आहे. बोनापार्टनें स्वतः त्याला टायरोलचा होरेशियस म्हणून गौरविलें. ऑस्ट्रियन शिपाई त्याला काळा सैतान म्हणूं लागले. तह झाल्यावर त्रेव्हीझो प्रांताचा लष्करी कारभार त्याच्याकडे आला, आणि तेथील लोक त्याच्या न्यायी वर्तनानें संतुष्ट होते.

१७९८ च्या मे महिन्यांत बोनापार्ट तुलाँ बंदरांतून इजिप्तवर निघाला. घोडदळाचें आधिपत्य ड्यूमाकडे होतें. अलेक्झांड्रियाहून कैरोकडे वाळवंटांतून कूच करितांना सैन्याला पाण्यावांचून भयंकर हाल सोसावे लागले. कांहीं शिपायांनीं तहानेनें वेडे होऊन आत्महत्या केल्या. ड्यूमाच्या तंबूंत कांहीं सेनापति जमले व ही मोहीम देशाकरितां आहे कीं एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेकरितां आहे, अशी उघड चर्चा झाली. ती बोनापार्टच्या कानीं गेली. त्यानें कैरोंत ड्यूमाला बोलावून फितुरीचा आरोप केला, आणि ड्यूमानें आपलें मत न लपवितां स्वदेशीं जाण्याची परवानगी मागितली. इजिप्तच्या लोकांस तर हा भव्य सेनापतीच फौजेचा मुख्य वाटे, व ठेंगणा बोनापार्ट त्याच्या मागून येणारा कोणी तरी वाटे, असें सैन्याच्या मुख्य वैद्यानें लिहून ठेविलें आहे. अशी तुलना महत्त्वाकांक्षी पुरुष सहसा क्षमा करीत नाहींत. पुढें ऑक्टोबरांत कैरोच्या नागरिकांनीं उठाव केला. तो मोडण्यांत ड्यूमा आघाडीवर होता, व अल-अझर मशिदींतही फ्रेंच घोडेस्वार घुसले. हें कृत्य आम्ही वाखाणूं इच्छीत नाहीं. परक्याच्या देशांत शिरून त्याच्या पूजास्थानांत घोडे घालणें हें स्वातंत्र्याच्या सैनिकास शोभणारें नव्हतें. आणि गुलामगिरीचा चटका सोसलेला मनुष्यही साम्राज्याच्या सेवेंत दुसऱ्याच्या दास्याचें हत्यार होऊं शकतो, ही कटु गोष्ट चरित्रकारानें लपवितां कामा नये.

ता. ७ मार्च १७९९ रोजीं एका जुनाट जहाजांतून तो परत निघाला. बरोबर कांहीं जखमी शिपाई व दोलोमिए हा प्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ होता. वादळांत जहाज गळूं लागल्यामुळें नाइलाजानें इटलीच्या दक्षिण टोंकास तारांतो बंदरांत आश्रय घ्यावा लागला. तेथें मित्र भेटतील अशी त्याची कल्पना होती; परंतु त्या भागांतील नव्या लोकसत्तेचा पाडाव होऊन राजाचा पक्ष वर आला होता. ड्यूमा कैदेंत पडला. प्रथम तारांतो व मग ब्रिंदिसी येथील किल्ल्यांत त्याचीं दोन वर्षें गेलीं. आपल्याला अन्नांतून विष घालण्यांत येत आहे असा त्याचा दृढ समज झाला. ज्याच्या देहाकडे पाहून शत्रु मागें सरत, तो १८०१ च्या वसंतांत सुटून आला तेव्हां अर्धांगानें ग्रासलेला होता, एका डोळ्यानें जवळजवळ आंधळा होता, व चाळिशीच्या आंतच म्हातारा दिसत होता. निरपराध मनुष्य समुद्रकांठच्या किल्ल्यांत वर्षानुवर्षें खितपत पडतो, ही जी कथा त्याच्या मुलानें पुढें जगाला सांगितली, तिचें मूळ येथें शोधल्यास चुकणार नाहीं.

तो सुटून आला तो निराळ्याच फ्रान्समध्यें. क्रांतीच्या सभेनें ता. ४ फेब्रुवारी १७९४ रोजीं सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती. ड्यूमा तुरुंगांत असतांना बोनापार्ट राज्याचा प्रमुख झाला होता. त्यानें ता. २० मे १८०२ च्या कायद्यानें गुलामगिरीस पुन्हा मान्यता दिली, व त्याच वर्षींच्या जुलईंत काळ्या व मिश्रवर्णी लोकांस फ्रान्समध्यें येण्याची पुन्हा बंदी झाली. १८०३ च्या जानेवारींत गोऱ्या व काळ्यांचे विवाह नोंदवूं नयेत असें फर्मान निघालें. म्हणजे ज्या कायद्याच्या छत्राखालीं ड्यूमा सेनापति झाला, पति झाला, नागरिक झाला, तें छत्रच काढून घेण्यांत आलें. दहा वर्षांपूर्वीं झालेलें त्याचें लग्न आतां करावयाचें म्हटलें असतें तर होऊं शकलें नसतें. कैदेंतील काळाचें थकलेलें वेतन मिळावें म्हणून त्यानें अर्जांवर अर्ज केले. ते व्यर्थ गेले. शौर्याकरितां लीजन ऑफ ऑनर ही पदवी त्याच सुमारास निघाली व ती शेंकडों लोकांस मिळाली. क्लाउझेनच्या वीरास मिळाली नाहीं. या दैन्यांत ता. २४ जुलई १८०२ रोजीं त्याला पुत्र झाला, आणि ता. २६ फेब्रुवारी १८०६ रोजीं, तो पुत्र चार वर्षांचाही झाला नसतां, पोटाच्या कर्करोगानें सेनापति ड्यूमा व्हिलेर-कोतेरे येथें मरण पावला. विधवेनें पेन्शनकरितां हात पसरले. तेही रिकामे परत आले.

मरणानंतरही दैवानें त्याचा पाठलाग सोडला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमध्यें त्याचा पुतळा उभारण्यांत आला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं पॅरिस व्यापिलें असतां १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत तो नष्ट करण्यांत आला. त्याच चौकांतील कादंबरीकार पुत्राचा पुतळा राहिला व बापाचा गेला. २००२ सालीं त्या पुत्राचे अवशेष समारंभानें पँथिऑनमध्यें नेण्यांत आले. बापाच्या स्मरणार्थ २००९ सालीं त्या चौकांत जें स्मारक उभें राहिलें, तें तुटलेल्या शृंखलांचें आहे. कल्पना उदात्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु माँ सनी व क्लाउझेन येथें लढलेल्या पुरुषाची आठवण त्याच्या तलवारीनें न होतां त्याच्या बेड्यांनींच व्हावी, हें पाहून मन खिन्न होतें. आर्क द त्रिओंफच्या भिंतीवर त्याचें नांव कोरलेलें आहे, एवढेंच समाधान.

या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? आम्ही जगांतील अन्यायाकडे दुरून बोट दाखवून मोकळे होऊं शकत नाहीं. ज्या महार समाजाच्या शिपायांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई इलाख्याच्या फौजेंत तलवार गाजविली, त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्रज सरकारनें लढवय्या जातींचें शास्त्र पुढें करून बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धांत माणसांची गरज पडली तेव्हां १९१७ सालीं त्यांची पलटण उभी राहिली. युद्ध संपलें आणि १९२१ पर्यंत ती मोडण्यांत आली. दुसरें महायुद्ध आलें तेव्हां १९४१ सालीं पुन्हा महार रेजिमेंट निघाली. संकटांत मान व स्वास्थ्यांत विस्मरण, हा जो क्रम ड्यूमाच्या आयुष्यांत दिसतो तोच येथें दिसतो. आणि पलटणींत सुभेदार झालेल्या त्या शिपायांस स्वतःच्या गांवच्या पाणवठ्यावर उभें राहूं न देणारे कोणी इंग्रज नव्हते, आम्हीच होतों, हेंही प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

यांतील खरा बोध असा कीं, एका कायद्यानें दिलेला हक्क दुसऱ्या कायद्यानें हिरावतां येतो, जर मधल्या काळांत लोकांचीं मनें बदललीं नसतील तर. १७९४ सालच्या ठरावानें गुलाम मुक्त झाले. पण गुलामांच्या श्रमावर पोसलेला स्वार्थ मेला नव्हता, आणि वर्णाचा तिरस्कारही मेला नव्हता. दोन्ही दबा धरून बसले होते, आणि एक महत्त्वाकांक्षी सत्ताधीश मिळतांच बाहेर आले. फ्रान्सला गुलामगिरी दुसऱ्यांदा रद्द करण्यास १८४८ साल उजाडावें लागलें. सां-दोमिंगच्या लोकांनीं मात्र तितकी वाट पाहिली नाहीं. तलवारीच्या बळावर ता. १ जानेवारी १८०४ रोजीं त्यांनीं आपलें स्वातंत्र्य पुकारलें. आमच्या संविधानानें १९५० सालीं जन्मावरून होणारा भेद निषिद्ध ठरविला, अस्पृश्यता नष्ट केली, व समान संधीचें वचन दिलें. तें वचन ग्रंथांत सुरक्षित आहे म्हणून स्वस्थ बसणें हें शहाणपणाचें नव्हे. शाळेच्या वर्गांत, विहिरीच्या काठावर, नोकरीच्या मुलाखतींत, आणि मुलामुलींच्या विवाहाच्या बोलण्यांत तें वचन दररोज पाळलें जातें कीं मोडलें जातें, यावर त्याचें आयुष्य अवलंबून आहे.

सेनापति ड्यूमाला त्याच्या देशानें दहा वर्षें माणूस मानलें, आणि त्या दहा वर्षांत त्यानें त्या देशाला आल्प्सच्या खिंडी जिंकून दिल्या. असे किती ड्यूमा सां-दोमिंगच्या उंसाच्या मळ्यांत नांवनिशाणीवांचून मेले असतील? त्याचीं विकलेलीं भावंडेंच काय झालीं असतीं, हें कोणी सांगावें! आणि आमच्या गांवकुसाबाहेर असे किती गुण शतकानुशतकें मातीमोल झाले असतील, हाही प्रश्न प्रत्येक विचारी मनुष्यानें स्वतःशीं करावयाचा आहे. पराक्रमाला जात नसते हें सिद्ध करण्याची जबाबदारी पराक्रमी माणसांवर नाहीं. ती त्यांनीं केव्हांच पार पाडली आहे. जबाबदारी उरली आहे ती त्यांचा मार्ग अडविणाऱ्यांवर.